पिंजऱ्याखालचा कागद काय सांगतो

प्रश्न : आमच्याकडे दीड वर्षापासून लव्हबर्डची जोडी आहे, निळा नर आणि पिवळी मादी. गेल्या आठवड्यात नर सकाळी पिंजऱ्याच्या तळाशी मेलेला आढळला. आदल्या दिवसापर्यंत तो दाणे टिपत होता आणि वाटी तर कायम भरलेली असे. उचलला तेव्हा मात्र तो इतका हलका लागला की धक्काच बसला. दोन आठवड्यांपूर्वी माझा नऊ वर्षांचा मुलगा म्हणाला होता, ‘आई, याच्या शीटमध्ये अख्खे दाणे आहेत.’ आम्ही ते हसण्यावारी नेले. आता मादीही तीन दिवसांपासून पिसे फुलवून खालच्या दांडीवर बसते, दिवसा पेंगते आणि तिची शीट हिरवी व पातळ झाली आहे. दुकानदाराने पाण्यात टाकायला एक पिवळी पूड दिली आहे. हे पक्षी असे अचानकच जातात, असे त्याचे म्हणणे. आजार आधी ओळखता येतो का? सासूबाईंना महिनाभर कोरडा खोकला आहे, त्याचा पक्ष्यांशी संबंध असेल का? आणि मादीसाठी नवा जोडीदार आणावा म्हणून मुलगा हटून बसला आहे. काय करावे?
– एक वाचक, कराड

उत्तर : तुमच्या मादीविषयीचा तातडीचा निरोप मी पत्र मिळाले त्याच संध्याकाळी ईमेलने कळवला, कारण सदर प्रसिद्ध होईपर्यंत थांबण्याइतका वेळ अशा पक्ष्यापाशी नसतो. तरीही तो निरोप येथे पुन्हा देते. अशाच अवस्थेतला पक्षी आज आणखी कोणाच्या तरी घरी असणार.

पिसे फुलवून, दिवसा डोळे मिटून, खालच्या दांडीवर बसलेल्या पक्ष्याला औषधाच्याही आधी ऊब लागते. पक्ष्याच्या शरीराचे तापमान 40 ते 42 अंश सेल्सिअस असते आणि खाणे सुटलेल्या चिमुकल्या जिवाची सारी शक्ती ते टिकवण्यातच खर्ची पडते. पिंजरा तीन बाजूंनी चादरीने झाकावा आणि एका बाजूला, बाहेरून, जुन्या पद्धतीचा तारेचा 60 वॅटचा पिवळा बल्ब लावावा. चादर बल्बला टेकू देऊ नये. आता घरोघरी एलईडी दिवे असतात आणि ते लावून लोक निर्धास्त होतात, परंतु एलईडीची ऊब पक्ष्यापर्यंत पोचत नाही. तारेचा बल्ब नसेल तर गरम पाण्याची पिशवी टॉवेलात गुंडाळून पिंजऱ्याला टेकवून ठेवावी. आत साधारण 30 अंश तापमान राहावे आणि ऊब एकाच बाजूला असावी, म्हणजे पक्ष्याला नको वाटल्यास सरकता येते. तो चोच उघडून धापा टाकू लागला आणि पंख अंगापासून दूर धरू लागला, तर उष्णता जास्त झाली असे समजावे. दाणे आणि पाणी तळाशी, त्याच्या चोचीपुढे ठेवावे. चोचीत जबरदस्तीने पाणी ओतू नये, कारण ते श्वासनलिकेत जाते. आणि ब्रँडीचे थेंब किंवा दुधात भिजवलेला पाव हे आपल्याकडचे जुने उपचार कृपया विसरावेत.

हे सारे दवाखान्यात पोचेपर्यंतचे आहे, दवाखान्याऐवजी नव्हे. कराडमध्ये पक्षी तपासणारे पशुवैद्यक सापडले नाहीत, तर महामार्गालगत शिरवळ येथे पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. इतर वाचकांसाठी परळ, नागपूर, परभणी आणि उदगीर येथील महाविद्यालये आहेत. आधी दूरध्वनी करून पक्ष्यांची तपासणी होते का, हे विचारून निघावे. नेताना पक्षी लहान खोक्यात न्यावा आणि पिंजऱ्याखालचा मळलेला कागद तसाच घडी करून सोबत घ्यावा. पिंजरा घासून, कागद बदलून, सगळे चकचकीत करून आणणारे सज्जन लोक आम्हा पशुवैद्यकांचा निम्मा पुरावा घरीच ठेवून येतात.

पिवळ्या पुडीविषयी मला थोडे कठोर लिहावे लागेल. दुकानात मिळणारी अशी पूड बहुधा टेट्रासायक्लिन गटातले प्रतिजैविक असते. पाण्यात टाकून दिलेल्या औषधाची पहिली अडचण अशी की, आजारी पक्षी पाणीच कमी पितो. त्यातही तुमचे पक्षी, पुढे सांगते त्याप्रमाणे, बहुधा लव्हबर्ड नसून बजी आहेत आणि बजी मूळचे ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या प्रदेशातले. ते धडधाकट असतानाही दिवसाला काही मिलिलिटरच पाणी पितात आणि पाणी कडू लागले तर तेही सोडतात. औषध पोटात किती गेले, हे अशा वेळी कोणालाच सांगता येत नाही. पिंजऱ्यात कॅल्शियमसाठी समुद्रफेन टांगलेले असेल, तर ते कॅल्शियम या औषधाला बांधून टाकते आणि औषध अंगी लागत नाही. आजार बुरशीचा असेल, तर प्रतिजैविकाने तो बळावण्याचीच भीती असते. शिवाय अर्धवट मात्रेमुळे तपासणीत जंतू सापडेनासे होतात आणि आजार मात्र आतल्या आत राहतो. पुडीचे पाकीट फेकू नका, डॉक्टरांना दाखवा. पाणी मात्र आजच बदला.

आता तुमच्या मूळ प्रश्नाकडे येते. तुम्ही ज्यांना लव्हबर्ड म्हणता, ते बहुधा बजेरीगर, म्हणजे बजी आहेत. खरा लव्हबर्ड आफ्रिकेतला, आखूड शेपटीचा आणि जाड चोचीचा; पाठीवर लाटांसारखे पट्टे आणि लांब शेपूट असलेला हा पक्षी वेगळा, पण आपल्या बाजारात दोघेही एकाच नावाने विकले जातात. नावाचा हा घोळ निरुपद्रवी नाही, कारण काही आजार बजींमध्येच विशेष आढळतात आणि डॉक्टरांना नेमका पक्षी ठाऊक असावा लागतो.

बजी अचानक मरत नाहीत. त्यांचे आजारपण आपल्याला उशिरा दिसते. थव्यात राहणाऱ्या आणि शिकारी पक्ष्यांचे भक्ष्य असणाऱ्या जिवाने अशक्तपणा दाखवला, तर ससाणा नेमका त्यालाच हेरतो, म्हणून आजार लपवणे हा त्याचा स्वभावच झालेला असतो. माणूस पिंजऱ्याजवळ आला की पेंगणारा पक्षी ताठ होतो, पिसे आवळून घेतो, वाटीपाशी जाऊन दाणे टिपल्यासारखेही करतो. त्यामुळे पाहायचे ते दाराआडून, त्याला कळू न देता. निरोगी बजी दिवसातून अनेकदा पेंगतो, पण तेव्हा तो बहुधा एक पाय पोटाच्या पिसांत ओढून घेतो. दोन्ही पायांनी दांडी पकडून, पिसांचा गोळा होऊन, मान पाठीत खुपसून भर दिवसा वारंवार झोपणारा पक्षी बरा नसतो.

पिसे गाळण्याच्या काळात पक्षी जरा सुस्त होतो, आणि याच सबबीखाली पुष्कळ आजार खपून जातात. हे मी इतरांना नावे ठेवण्यासाठी लिहीत नाही. पदवी घेऊन काही वर्षे झाल्यानंतरही माझ्याच घरातल्या कॉकॅटीलची (तुरा असलेला छोटा पोपट) पाच दिवसांची मरगळ मी पिसे गाळण्याच्या खात्यावर टाकली होती. सहाव्या दिवशी काट्यावर ठेवला तेव्हा तो 92 ग्रॅमवरून 79 ग्रॅमवर आलेला होता.

तुमच्या पत्रातल्या दोन गोष्टींपाशी मी थांबले. पहिली म्हणजे ती भरलेली वाटी. बजी दाणा गिळण्यापूर्वी चोचीत फिरवून सोलतो आणि फोलपट वाटीतच टाकतो. दिवसभरात या फोलपटांचा थर वर साचतो. लांबून पाहता वाटी काठोकाठ भरलेली दिसते आणि खाली दाणा उरलेला नसतो. सकाळ-संध्याकाळ वाटी बाहेर नेऊन हलकी फुंकर मारावी. फोलपटे उडून गेली की खरा शिल्लक माल दिसतो आणि पक्ष्याने किती खाल्ले, याचाही अंदाज येतो. याची उलट बाजूही असते : आजारी पक्षी दाणे नुसते सोलत बसतो आणि गिळत मात्र नाही, त्यामुळे वाटीत सोललेले, उघडे दाणे पडलेले दिसतात. ‘खातो तर आहे’ हे वाक्य मी दवाखान्यात रोज ऐकते, आणि ते बोलणाऱ्याने खाण्याचा आवाज ऐकलेला असतो, खाणे पाहिलेले नसते.

दुसरी गोष्ट तुमच्या मुलाने पाहिली. शीटमध्ये अख्खे दाणे दिसणे म्हणजे अन्न न पचता बाहेर पडणे. आणि भरपूर खाऊनही वाळत जाणारा, हातात कागदासारखा हलका लागणारा बजी म्हटले की आम्हाला पहिल्यांदा जठरातल्या यीस्टची शंका येते. मॅक्रोऱ्हॅब्डस नावाची ही बुरशी जठरात ठाण मांडते आणि पचन बिघडवते. पक्षी दिवसभर वाटीपाशी असतो, कधी उलटी करतो आणि आठवड्यागणिक वाळत जातो. ताज्या शीटची सूक्ष्मदर्शकाखाली तपासणी केली तर ही बुरशी काड्यांसारखी दिसते. मात्र एका नमुन्यात दिसली नाही म्हणून नाहीच, असे ठरवता येत नाही. तिच्यावर ॲम्फोटेरिसिन बी हे बुरशीविरोधी औषध थेट चोचीवाटे देतात. तुमच्याजवळची पिवळी पूड तिथे निरुपयोगी आहे. तुमचा नर याच आजाराने गेला, असे मी पत्रावरून म्हणणार नाही, कारण जंतांमुळे आणि इतर जंतुसंसर्गांमुळेही असे घडते. पण एकाच पिंजऱ्यात, एकाच वाटीत खाणाऱ्या मादीची तपासणी करताना ही शंका डॉक्टरांना आवर्जून सांगा. पुढे कधी पक्षी दगावला, तर त्याला पिशवीत घालून, अन्नापासून वेगळ्या बंद डब्यात, फ्रीजच्या साध्या कप्प्यात ठेवावे, बर्फाच्या कप्प्यात नव्हे, आणि शक्यतो त्याच दिवशी शवविच्छेदनासाठी न्यावे. गोठवल्याने आतल्या पेशी फुटतात आणि मग फारसे कळत नाही. मेलेल्या पक्ष्याने उरलेल्याचे निदान करून दिल्याची उदाहरणे मी पुष्कळ पाहिली आहेत.

शीटविषयी थोडे सविस्तर लिहिते, कारण पक्ष्याच्या प्रकृतीचे रोजचे पत्रक तेच आहे. जाळीखाली छापील वर्तमानपत्राऐवजी साधा पांढरा कागद घालावा आणि तो रोज एकाच वेळी बदलावा. बजीच्या शीटमध्ये तीन भाग असतात : मधोमध हिरवट किंवा तपकिरी रंगाची, घडी पडल्यासारखी बारीक वळी, हा मळाचा भाग, तिच्या अंगाला चिकटलेला खडूसारखा पांढरा भाग, हा मूत्रपिंडातून आलेल्या युरिक आम्लाचा, आणि भोवती कागदावर उमटणारी पाण्याची बारीक कड. दिवसाला अशा चाळीस-पन्नास खुणा कागदावर पडतात. त्या एकाएकी वीस झाल्या, तर खाणे कमी झाले हे वाटीकडे न पाहताही कळते. उपाशी पक्ष्याची शीट लहान, चिकट आणि गडद हिरवी होते, कारण आतड्यात अन्न नसते आणि नुसते पित्त उतरत असते. तुमच्या मादीचा हिरवा रंग याच प्रकारचा असू शकतो. पांढरा भाग पिवळा किंवा पोपटी होणे त्याहून गंभीर होय. ते यकृताच्या आजाराचे लक्षण असते आणि पुढे ज्याविषयी लिहिणार आहे त्या पोपटज्वरातही ते दिसते. पाण्याची कड नुसतीच मोठी झाली आणि मधली वळी घट्ट राहिली, तर त्याला जुलाब म्हणता येणार नाही. काकडी किंवा कोथिंबीर खाल्ल्यावर काही तास असे होते. ते दिवसभर टिकले आणि पक्षी पाणीही जास्त पिऊ लागला, तर मूत्रपिंडाची तपासणी हवी. बीट घातल्यावर कागद लाल झाला म्हणून रात्री अकरा वाजता घाबरून आलेला दूरध्वनी मला आठवतो. मात्र बीट दिलेले नसताना लाल किंवा डांबरासारखी काळी शीट दिसली, तर त्याच दिवशी निघावे.

श्वासाच्या बाबतीत मात्र एक दिवसही थांबू नये. पक्ष्यांना आपल्यासारखे श्वासपटल नसते. छाती भात्यासारखी हलवून ते हवा फुप्फुसांतून आणि शरीरभर पसरलेल्या हवेच्या पिशव्यांतून खेळवतात. म्हणूनच पक्ष्याला छातीवरून घट्ट धरले, तर नाक-तोंड मोकळे असूनही तो गुदमरतो. शांत बसलेल्या पक्ष्याची शेपटी प्रत्येक श्वासाबरोबर पंपाच्या दांड्यासारखी वरखाली होत असेल, चोच उघडी राहत असेल किंवा श्वासातून टिकटिक अथवा शिट्टीसारखा आवाज येत असेल, तर ती धोक्याची खूण असते. केवळ राळे आणि बाजरी यांवर वाढलेल्या बजींमध्ये या आवाजामागे कधी कधी आयोडीनच्या अभावामुळे सुजलेली थायरॉइड ग्रंथी असते. ती श्वासनलिकेवर दाब देते. दमा म्हणून महिनोन्महिने वाफ दिलेले असे पक्षी आयोडीन सुरू केल्यावर शांत श्वास घेताना मी पाहिले आहेत.

मादी पाळणाऱ्यांनी आणखी एक चित्र मनात ठेवावे. पिंजऱ्याच्या तळाशी, पाय फाकवून, शेपटी हलवत, कण्हल्यासारखा जोर करणारी आणि पोटाशी फुगलेली मादी दिसली, तर अंडे अडकलेले असू शकते. नर नसला तरी मादी अंडी घालते, त्यामुळे ‘ती तर एकटीच आहे’ हा युक्तिवाद चालत नाही. याचे मोठे कारण कॅल्शियमची उणीव हे असते, आणि त्यासाठी कोकणच्या किनाऱ्यावर वाहून येणारे समुद्रफेन पिंजऱ्यात बाराही महिने असावे. कॅल्शियम अंगी लागण्यासाठी कोवळे ऊनही लागते, आणि ते खिडकीच्या काचेतून आलेले उपयोगी नाही, कारण हवे असलेले अतिनील किरण काच अडवते. अंडे अडकणे हे काही तासांत जिवावर बेतणारे दुखणे आहे. घरी तेल लावून अंडे दाबून काढण्याचा प्रयत्न करू नये, कारण ते आत फुटले की प्रकरण हाताबाहेर जाते.

चेहऱ्यावरच्या खुणा तुलनेने सावकाश वाढतात. चोचीच्या मुळाशी, नाकपुड्यांभोवती जो फुगीर पट्टा असतो, त्याला पक्षीपाळक सिअर म्हणतात. तो बहुतेक प्रौढ नरांत निळा आणि विणीच्या काळातल्या मादीत तपकिरी असतो. वयस्क नराचा निळा सिअर तपकिरी होऊ लागला, तर वृषणाच्या गाठीची शंका घ्यावी. बजीमध्ये गाठींचे प्रमाण एरवीही बरेच आहे. कुठेही न लागता एकच पाय लंगडू लागला, तर पोटातली गाठ पायाच्या मज्जातंतूवर दाबत आहे का, हे पाहावे लागते. सिअरवर आणि चोचीच्या कडेला मधमाशीच्या पोळ्यासारखी सच्छिद्र, राखाडी खपली दिसली, तर ती चेहऱ्याच्या माइटची, म्हणजे त्वचेत राहणाऱ्या सूक्ष्म किड्याची, होय. हा आजार दिसायला भयंकर, पण वेळेवर नेल्यास डॉक्टरांनी मोजून दिलेल्या आयव्हरमेक्टिनच्या थेंबांनी पूर्ण बरा होतो. कुत्र्याचे किंवा गुरांचे आयव्हरमेक्टिन घरी अंदाजाने लावणे मात्र प्राणघातक ठरू शकते. नराने डोके वरखाली करून मादीला किंवा आरशाला घास भरवणे हे प्रेम आहे, आजार नाही. त्याउलट डोके झटकून दाणे आणि चिकट लाळ चहूकडे उडवणे आणि त्यामुळे कपाळाची पिसे ओली, गुठळ्या झालेली दिसणे ही उलटी होय, आणि तिच्यामागे बऱ्याचदा ट्रायकोमोनास हा अन्नपिशवीतला परजीवी असतो. चोच वेडीवाकडी वाढणे आणि तिच्यावर काळे डाग पडणे हे यकृत बिघडल्याचे चिन्ह असते; नुसती चोच कापून आणून प्रश्न सुटत नाही.

या साऱ्याहून भरवशाची खूण एकच आहे आणि ती काट्यावर दिसते. एक ग्रॅमपर्यंत मोजणारा स्वयंपाकघरातला डिजिटल काटा घ्या, त्यावर छोटी दांडी किंवा डबा ठेवून आकडा शून्य करा आणि आठवड्यातून दोनदा, सकाळी खाण्यापूर्वी, पक्ष्याचे वजन वहीत लिहा. बजीचे वजन साधारण 30 ते 40 ग्रॅम असते. 36 ग्रॅमच्या पक्ष्याचे चार ग्रॅम वजन घटले, म्हणजे एक चमचाभर साखरेएवढे, तर त्याने नववा हिस्सा शरीर गमावलेले असते. पिसांमुळे डोळ्यांना काहीच दिसत नाही. वजनाबरोबर छातीवरून बोट फिरवून पाहावे. मधले उभे हाड निरोगी पक्ष्यात जेमतेम जाणवते आणि दोन्ही बाजूंना मांस गोलाकार भरलेले असते. बोटाला ते सुरीच्या पाठीसारखे लागले, तर पक्षी काही आठवड्यांपासून वाळत चालला आहे. तुमचा नर हातात हलका लागला, तो त्या दिवशी हलका झालेला नव्हता.

सासूबाईंच्या खोकल्याचा प्रश्न तुम्ही विचारला हे फार बरे केलेत. पोपटवर्गीय पक्ष्यांमध्ये क्लॅमिडिया सिटॅसी नावाचा जीवाणू असू शकतो आणि वाळलेल्या शीटची धूळ श्वासावाटे गेल्याने त्याची माणसालाही बाधा होते. यालाच पोपटज्वर म्हणतात. माणसात ताप, जोराची डोकेदुखी, अंगदुखी आणि कोरडा खोकला ही लक्षणे दिसतात आणि पूर्वी न्यूमोनिया किंवा टायफॉइडशी त्याची गल्लत होत असे. 1929-30 मध्ये दक्षिण अमेरिकेतून गेलेल्या पोपटांमुळे युरोप-अमेरिकेत याची मोठी साथ आली आणि जानेवारी 1930 मध्ये अमेरिकेने पोपटांची आयातच थांबवली. घाबरवण्यासाठी हे सांगत नाही. आज डॉक्सिसायक्लिनसारखी परिणामकारक औषधे आहेत, पण तपासणाऱ्या डॉक्टरांना घरात पक्षी आहे, एक दगावला आहे आणि दुसरा आजारी आहे, हे कोणीतरी सांगावे लागते. ताप नसताना महिनाभर चालणारा खोकला आणि जिना चढताना लागणारी धाप यांचे कारण पक्ष्यांच्या पिसांच्या भुकटीची फुप्फुसांना आलेली ॲलर्जी हेही असू शकते, आणि ती दुर्लक्षित राहिली तर फुप्फुसांचे कायमचे नुकसान होते. अर्थात वयस्कर माणसाच्या खोकल्याला पक्ष्यांखेरीज शंभर कारणे असतात, त्यामुळे निदान छातीच्या डॉक्टरांवर सोडावे. तोवर पिंजरा त्यांच्या खोलीतून हलवा. कागद बदलण्यापूर्वी त्यावर पाण्याचा फवारा मारा, मास्क लावा आणि कोरड्या केरसुणीने पिंजऱ्याखाली मुळीच झाडू नका. मादीच्या शीटची पीसीआर चाचणी करून घ्या. पोपटज्वर निघाला तर पक्ष्याचा औषधोपचार साधारण 45 दिवस चालतो आणि मध्येच सोडून चालत नाही.

पिंजरा कुठे हलवायचा, यावर एकच अट : स्वयंपाकघरात नको. न चिकटणाऱ्या लेपाचा तवा गॅसवर रिकामा तापत राहिला, तर त्याच्या अदृश्य वाफेने बजी काही मिनिटांत मरतो, आणि ‘अचानक मेला’ हे वर्णन खरोखर लागू पडते ते अशा मृत्यूला. मच्छर अगरबत्ती, धूप आणि झुरळांचा फवारा हेही त्याच्यापासून दूर ठेवावेत. खाण्याचे म्हणाल तर नुसते राळे-बाजरी पुरत नाहीत. त्यात ‘अ’ जीवनसत्त्व जवळजवळ नसते आणि त्याअभावी नाक-घशाचे अस्तर कमजोर होऊन संसर्ग शिरतात. शेवग्याचा पाला, पालक, कोथिंबीर, किसलेले गाजर रोज चिमूटभर द्यावे. सुरुवातीला आठवडाभर ते हिरव्या रंगाकडे ढुंकूनही पाहणार नाहीत. तरीही देत राहावे.

राहिला मुलाचा हट्ट. मादी एकटी पडली आहे हे त्याचे म्हणणे बरोबर आहे. बजी थव्यातला जीव आहे आणि सोबत गेल्यावर तो काही दिवस हाका मारत राहतो. पण आज नवा पक्षी आणणे म्हणजे त्याला आजाराच्या घरात सोडणे होय. आधी मादीच्या तपासण्यांचा निकाल येऊ द्या, उपचार पूर्ण होऊ द्या, लाकडी दांड्या फेकून नव्या बसवा आणि पिंजरा उकळत्या पाण्याने धुऊन उन्हात वाळवा. त्यानंतर आणलेला पक्षीही किमान 45 दिवस वेगळ्या खोलीत, वेगळ्या वाट्यांसह ठेवा आणि त्याचे काम आधी मादीचे उरकून मगच करा. बजीऐवजी हिरवा देशी पोपट किंवा मुनिया आणण्याचा सल्ला कोणी दिला, तर तो ऐकू नका. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार त्यांना पाळणे गुन्हा आहे. या दोन-अडीच महिन्यांत वजनाची वही मुलाकडे सोपवा, कारण तुमच्या घरात शीट नीट पाहणारा तोच एक आहे. काट्यावरचे पहिल्या चार आठवड्यांचे आकडे त्याच्याच अक्षरात लिहून मला पाठवलेत, तर मादीला पुढे काय द्यायचे हे तुमच्या डॉक्टरांशी बोलून मी कळवीन.